गुडघ्यासाठी रोबोट : सव्वा लाख जास्त द्यायचे का?

उदगीर तालुक्यातल्या एकांनी विचारलं आहे, थोडक्यात असं : आई ६६ वर्षांची. दोन्ही गुडघे गेलेत, उजवा जास्त. पाय बाहेरच्या बाजूला वाकलेत. पाच वर्षं गोळ्या, तेल, पट्टा, दोनदा गुडघ्यात इंजेक्शन, सगळं करून झालं. आता रात्रीही ठणकतं. लातूरच्या डॉक्टरांनी गुडघ्याचा सांधा बदलायचं सुचवलं, नेहमीच्या पद्धतीने एका गुडघ्याचे पावणेदोन लाख सांगितले. पाहुण्यांच्या ओळखीने हैदराबादला दाखवलं, तिथे रोबोटिकचे तीन लाख. रोबोटने चूक होत नाही, दुखत नाही, दोन दिवसांत घरी, सांधा तीस वर्षं टिकतो, असं तिथल्या काउन्सेलरने समजावलं. "सोयाबीन विकून वरचे पैसे उभे राहतील. पण खरंच फरक पडतो का? आईच्या बाबतीत कंजुषी केली असं नंतर वाटायला नको."

या शेवटच्या वाक्यावरच बहुतेक रोबोट विकले जातात, म्हणून आधी त्याचं बोलू. जास्त पैसे म्हणजे जास्त काळजी, हे समीकरण गुडघ्याला लागू पडत नाही. मी मराठवाड्यातच ही ऑपरेशनं करतो, नेहमीच्या पद्धतीने करतो आणि रोबोटनेही करतो. रोबोट थोतांड नाही, चांगलं यंत्र आहे. पण तुमच्या आईच्या गुडघ्याचं जे वर्णन तुम्ही लिहिलंय, त्यात सव्वा लाखाचा फरक दिसेलच असं मी तरी छातीठोकपणे सांगणार नाही.

रोबोट ऑपरेशन करतो, हा पहिला गैरसमज. गुडघा उघडतो सर्जन, सांधा बसवतो सर्जन, टाके घालतो सर्जन. नेहमीच्या पद्धतीत आम्ही मांडीच्या हाडाच्या पोकळीत एक लांब सळई घालतो, तिच्या आधाराने खालच्या टोकावर साचा बसवतो आणि त्या साच्याच्या फटीतून करवत चालवून हाड कापतो. नडगीच्या हाडासाठी साचा घोट्याच्या रेषेत बाहेरून लावतो. रोबोटमध्ये सळई लागत नाही. त्याऐवजी मांडीच्या आणि नडगीच्या हाडात प्रत्येकी दोन पिना ठोकून त्यांवर खुणांचे छोटे अँटेना बसवतात, कॅमेरा ते पाहत असतो. मग सर्जन एक टोकदार कांडी हाडावर ठिकठिकाणी टेकवत जातो. प्रत्येक ठिकाणी यंत्र बीप करतं आणि पडद्यावर तुमच्या आईच्या हाडाचा नकाशा भरत जातो. काही यंत्रांना त्यासाठी आधी सीटी स्कॅन लागतो, माको त्यातलं. काहींना लागत नाही. बहुतेक यंत्रांत करवत सर्जनच्याच हातात असते, यांत्रिक हात फक्त तिला ठरलेल्या पातळीत धरून ठेवतो आणि हद्द ओलांडू देत नाही. कोरियन बनावटीच्या क्यूव्हिससारख्या यंत्रात हाड यंत्रच कोरतं, सर्जन बाजूला थांबवायचं बटण धरून उभा असतो.

माझ्या मते रोबोटचा खरा फायदा कापण्यात नाही, कापण्याआधीच्या पाच-दहा मिनिटांत आहे. गुडघा सरळ धरून आणि वाकवून आतल्या-बाहेरच्या बाजूचे पट्टे, म्हणजे हाडं जोडून ठेवणारे अस्थिबंध, किती ताणलेत ते मिलिमीटरमध्ये पडद्यावर दिसतं. आतून अठरा, बाहेरून बावीस, असं. मग हाड कापण्याआधीच योजना एखाद्या अंशाने, एखाद्या मिलिमीटरने फिरवून बघता येते. नेहमीच्या पद्धतीत हा अंदाज हातावर असतो, आणि कापल्यावर कमी-जास्त वाटलं तर पट्टे मोकळे करून जमवावं लागतं. ज्याने हे काम वर्षानुवर्षं केलंय त्याचा हात बऱ्यापैकी खरा असतो. तरी पडद्यावरचा आकडा बघून काम करणं मलाही आवडतं, हे लपवत नाही.

आता त्या आकड्याचा पेशंटला काय उपयोग? एक्स-रेवर पाहिलं तर रोबोटने बसवलेले सांधे ठरवलेल्या रेषेच्या जवळ असतात, तीन अंशांपेक्षा जास्त चुकलेले कमी सापडतात. हे पुष्कळ अभ्यासांत दिसलंय आणि त्यावर फारसा वाद नाही. वाद पुढे आहे. कोरियात तेराशेहून जास्त पेशंट निवडले, कोणाला रोबोट आणि कोणाला नेहमीची पद्धत हे चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवलं, आणि किमान दहा वर्षं त्यांच्यावर लक्ष ठेवलं. २०२० मध्ये निष्कर्ष आले. दुखणं, चालणं, सांधा टिकणं, कशातच दोन गटांत फरक निघाला नाही. त्यातलं यंत्र रोबोडॉक होतं, जुन्या पिढीतलं. आजची यंत्रं त्याच्यापेक्षा पुष्कळ सुधारलेली आहेत, त्यामुळे तो शेवटचा शब्द मानू नका. पण आजच्या यंत्रांनी बसवलेल्या गुडघ्यांना अजून तेवढी वर्षंच झालेली नाहीत. माकोला अमेरिकेत पूर्ण गुडघ्यासाठी परवानगी मिळाली २०१५ मध्ये. मग "तीस वर्षं टिकतो" हे कोणी कुठे मोजलं? जे मोजलंय ते असं, की गुडघ्याच्या सांध्यांपैकी दहातले साधारण आठ पंचवीस वर्षं टिकतात. हा आकडा २०१९ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आला आणि ते सांधे हातानेच बसवलेले होते.

आणखी एक गोष्ट सहसा सांगितली जात नाही. रोबोट नेम अचूक धरतो, पण नेम कुठे धरायचा यावर आमच्यातच एकमत नाही. पूर्वी पाय खुब्यापासून घोट्यापर्यंत अगदी सरळ रेषेत आणायचा असा दंडक होता. काही जणांचे पाय जन्मापासूनच जरा बाकदार असतात, त्यांना काटेकोर सरळ केलं तर सांधा परका वाटतो, थोडा बाक ठेवावा, असं मानणारे आता बरेच आहेत. रोबोट म्हणजे गवंड्याचा उत्तम ओळंबा समजा. भिंत कुठे उभी करायची ते त्याला ठाऊक नसतं.

"दोन दिवसांत घरी" आणि "दुखत नाही" यांचं श्रेय तर रोबोटला देऊच नका. पेशंट लवकर उठून चालतो त्याची कारणं वेगळी आहेत : मांडीत नसेजवळ दिलेला भुलेचा ब्लॉक, सांध्याभोवती भरलेलं औषध, रक्तस्राव कमी करणारं ट्रॅनेक्सॅमिक अॅसिड, आणि त्याच संध्याकाळी किंवा दुसऱ्या सकाळी वॉकर धरून उभं करणारा फिजिओथेरपिस्ट. हे सगळं लातूर, नांदेड, संभाजीनगर इथल्या चांगल्या रुग्णालयांत रोबोटशिवाय रोज चालतं. रोबोटने पहिल्या काही आठवड्यांत दुखणं थोडं कमी राहतं असं काही अभ्यास सांगतात. सळई न घातल्याने रक्तही काहीसं कमी जातं, तेही खरं. पण सहा महिन्यांनी एक रोबोटने आणि एक हाताने केलेली अशा दोन बायका शेजारी चालत आल्या तर कोणाला रोबोट लावला होता ते मला चालीवरून ओळखता येणार नाही.

मग रोबोट कोणासाठी? मागे एक गृहस्थ आले होते, तरुणपणी मोटरसायकलच्या अपघातात मांडीचं हाड मोडलेलं, आत रॉड, आणि हाड जुळताना वाकडं जुळलेलं. आता त्याच पायाचा गुडघा झिजला. तिथे आमची नेहमीची सळई आत जाणार कशी? एक तर आधी रॉड काढण्याचं वेगळं ऑपरेशन, नाहीतर रोबोट किंवा कॉम्प्युटर नॅव्हिगेशन, म्हणजे यांत्रिक हाताशिवाय नुसत्या कॅमेऱ्याने आणि पडद्याने दिशा दाखवणारी पद्धत. अशा ठिकाणी रोबोटचे पैसे वसूल. जुनी प्लेट असेल, हाडात जन्मजात किंवा फ्रॅक्चरनंतरचा बाक असेल, तर तेच. दुसरं, गुडघ्याचा फक्त आतला अर्धा भाग झिजलाय आणि तेवढाच अर्धा सांधा बसवायचाय, तर तिथे चुकीला जागा फार कमी असते आणि रोबोटचा फायदा पूर्ण गुडघ्यापेक्षा जास्त स्पष्ट दिसतो. तुमच्या आईचे दोन्ही पाय वाकलेत, दुखणं रात्रीही आहे, म्हणजे अर्ध्या सांध्याची वेळ बहुधा गेलेली. आमच्याकडच्या बायका गुडघा पार वाकडा होईपर्यंत शेतात जातात, त्यामुळे तो सांधा इथे क्वचितच बसवायला मिळतो.

तोट्यांचं कोणी बोलत नाही म्हणून थोडं लिहितो. त्या चार पिनांच्या भोकांतून पुढे हाड मोडल्याच्या घटना जगभर नोंदल्या गेल्या आहेत. प्रमाण फार कमी, पण हाडं ठिसूळ असलेल्या साठी-सत्तरीच्या बाईत लक्षात ठेवावं असं. वेळ वाढतो, विशेषतः टीम नवीन असेल तर. सांधा उघडा राहण्याचा वेळ कोणालाच वाढायला नको असतो. काही यंत्रं ठरावीक कंपनीचाच सांधा बसवू देतात, म्हणजे सर्जनची निवड यंत्र ठरवतं. आणि यंत्र मध्येच बंद पडलं तर उरलेलं काम हातानेच करावं लागतं. म्हणून फक्त रोबोटवरच शिकलेल्या, हाताने फारसं न केलेल्या सर्जनपेक्षा मला उलटा माणूस जास्त भरवशाचा वाटतो.

ऑपरेशननंतर शंभरातले दहा ते वीस पेशंट समाधानी नसतात. का नसतात? माझ्या ओपीडीत येणारे असे बहुतेक लोक दोन-तीन अंशांच्या चुकीमुळे येत नाहीत. कोणाचा गुडघा वाकत नाही कारण घरी व्यायाम झाला नाही. कोणाचं दुखणं मुळात कंबरेतून किंवा खुब्यातून येत होतं. कोणाचा एक्स-रे तितका खराब नव्हता, ऑपरेशन घाईत झालं. कोणाला मांडी घालून बसायचं होतं आणि ते आधी कोणी स्पष्ट सांगितलं नव्हतं. आणि जंतुसंसर्ग, तो तर सगळ्यांचा बाप. शंभरात एक-दोघांनाच होतो, पण ज्याला होतो त्याचं घर बसतं. पुन्हा ऑपरेशन, कधी सांधा काढून सहा आठवडे औषधी सिमेंट, मग नवा सांधा. यातल्या एकाही गोष्टीवर रोबोट काही करू शकत नाही.

म्हणून सव्वा लाख घालायचेच असतील तर कुठे घालावेत ते सांगतो.

मी गुडघ्याआधी पेशंटचे पाय बघतो, म्हणजे तळवे. आमच्या भागातल्या शेतकरी बायकांच्या टाचांना बोट जाईल एवढ्या भेगा असतात, खरिपात बोटांच्या बेचक्यांत चिखल्या. जंतू तिथून रक्तात शिरतात. भेगा भरून येईपर्यंत मी तारीख देत नाही, पाहुणे कितीही रागावले तरी. तुम्ही आजपासून आईला रोज रात्री पाय कोमट पाण्यात ठेवून, कोरडे करून व्हॅसलीन लावायला सांगा, चिखल्या असतील तर मलम लिहून घ्या. किडलेला दात असेल तर तो आधी उपटून किंवा भरून घ्या. लघवीची जळजळ असेल तर तपासणी. साखर असेल तर तीन महिन्यांची सरासरी, म्हणजे एचबीए१सी, साडेसात-आठच्या वर असताना ऑपरेशनला होकार देऊ नका. हिमोग्लोबिन नऊ असेल तर दोन महिने थांबून वाढवा. गुडघा काही पळून जात नाही.

मग माणूस. सर्जनला थेट विचारा : वर्षाला किती गुडघे करता? किती जणांना जंतुसंसर्ग झाला? रोबोट वापरत असाल तर या पेशंटमध्ये का? "सगळ्यांनाच रोबोट करतो" असं उत्तर आलं तर ते आईच्या गुडघ्याचं उत्तर नाही, काही कोटींच्या यंत्राच्या हप्त्यांचं आहे. तीन वाक्यांत नेमकं कारण सांगितलं, तर ते ऐकून घ्या. माझ्यापेक्षा त्यांनी आईचा गुडघा हातात धरून पाहिलाय.

आणि अंतर. हैदराबाद उदगीरहून चार-पाच तासांवर. ऑपरेशनचे चार दिवस ते चालून जातं. प्रश्न दहाव्या दिवशी येतो, जखमेतून पाणी येतंय, थोडा ताप आहे. मग घरचे म्हणतात एवढ्यासाठी कुठे हैदराबाद, गावातले डॉक्टर अँटिबायोटिक देतील. गोळ्यांनी ताप दबतो, आतला संसर्ग दबून बसतो आणि दोन महिन्यांनी उघड होतो, तेव्हा सांधा वाचवण्याची वेळ गेलेली असते. नव्या गुडघ्याच्या जखमेतून आठवड्यानंतरही पाणी येत असेल तर ते ज्याने ऑपरेशन केलं त्यानेच, त्याच दिवशी बघायला हवं. लातूर तासा-दीड तासावर आहे. माझ्या हिशेबात ही जवळीक रोबोटपेक्षा महाग गोष्ट आहे.

पैशांचं. सांध्याच्या किमतीवर सरकारी मर्यादा आहे. ऑगस्ट २०१७ मध्ये नेहमीच्या कोबाल्ट-क्रोमियमच्या सांध्याची कमाल किंमत ५४,७२० रुपये ठरवली गेली, जीएसटी वेगळा, पुढे तो आकडा थोडाफार बदलत गेला. रोबोटच्या भाड्याला, त्याच्या एकदाच वापरायच्या पिना-पात्यांना अशी मर्यादा नाही. म्हणून एकगठ्ठा "पॅकेज" न घेता तुकडे मागा : सांधा कुठल्या कंपनीचा आणि किती, रोबोटचे किती, सीटीचे किती, किती दिवसांची खोली, फिजिओथेरपी धरली आहे का. सांध्याचे स्टिकर फाइलमध्ये चिकटवून घ्या. पुढे कधी दुसरं ऑपरेशन लागलं तर त्या स्टिकरवरचा नंबर सोन्याच्या मोलाचा असतो. खासगी विमा असेल तर २०१९ च्या नियमांप्रमाणे कंपनी रोबोटिक शस्त्रक्रिया नाकारू शकत नाही, पण तिच्यावर वेगळी मर्यादा घालू शकते. सांधेरोपणाला दोन-तीन वर्षांचा प्रतीक्षाकाळही असतो. पॉलिसीचं ते पान आधी वाचा. महात्मा फुले योजनेत बसतं का, ते त्या रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारा, एजंटला नको. बसलं तरी रोबोटचा वरचा खर्च योजनेतून निघेल हे धरून चालू नका.

दोन्ही गुडघे एकदम करायचे का, हे तुम्ही विचारलं नाही, पण तो प्रश्न येणारच. "एकदाच काय तो त्रास" असं सगळ्यांना वाटतं. हृदय, फुप्फुसं ठणठणीत असतील, वजन आटोक्यात असेल तर करतातही. ६६ वर्षांच्या, बीपी किंवा साखर असलेल्या बाईत मी आधी उजवा करेन. तो जमला की दोन-तीन महिन्यांनी डावा. उजवा सुधारला की डावा लांबवता येतो, असंही बऱ्याचदा होतं.

घरी आल्यावर गुडघ्याखाली उशी ठेवू देऊ नका. बरं वाटतं, पण पाय कायमचा थोडा वाकलेला राहतो. उशी घोट्याखाली. पाय सरळ दाबून मांडी आवळायची, टाच घासत मागे ओढायची, दिवसातून चार-पाच वेळा. दोन आठवड्यांत काटकोनापर्यंत वाकलं पाहिजे. सीटचा संडास, पलंग, ओसरीच्या पायरीला धरायला कठडा, ही कामं ऑपरेशनच्या आधी उरका. सगळं मिळून सव्वा लाखाच्या पाव हिश्श्यात होईल. चुलीपुढे जमिनीवर बसून भाकरी करणं बंद. ओटा करा किंवा गॅस टेबलावर घ्या. तुळजापूरच्या पायऱ्या चढता येतील का, हे दर दुसरी मावशी विचारते. येतील, कठडा धरून, सहा महिन्यांनी. चढताना चांगला पाय आधी, उतरताना ऑपरेशनचा आधी.

एक तपासणी मात्र रोबोट असो-नसो लागतेच, आणि तुमच्या मजकुरात तिचा उल्लेख नाही : दोन्ही पायांवर उभं करून खुब्यापासून घोट्यापर्यंत काढलेला लांब एक्स-रे. झोपवून काढलेल्या गुडघ्याच्या एक्स-रेवर बाक किती अंशांचा आहे ते कळत नाही, आणि मांडीच्या हाडात वर कुठे वाकडेपणा आहे का तेही दिसत नाही. तो काढून घ्या आणि लातूरच्या डॉक्टरांना दाखवा. मांडीचं हाड सरळ निघालं तर लातूरलाच तारीख घ्या. त्यात काही वेगळं दिसलं तर हैदराबादचा विचार पुन्हा करता येईल, आणि तेव्हा मी तुम्हाला अडवणार नाही.